एलटी पॅनेलचा वार्षिक शटडाऊन: एसीबी, एमसीसीबी आणि बसबारची देखभाल कोणत्या क्रमाने करावी

बहुतेक कारखान्यांत एलटी (कमी दाबाच्या) पॅनेलची वार्षिक देखभाल म्हणजे ब्लोअर मारणे, हाताला लागेल तो बोल्ट आवळणे आणि दारावरून फडके फिरवणे, एवढ्यावरच संपते. पॅनेल चकचकीत दिसू लागते. पण फॉल्टच्या क्षणी ठरलेल्या वेळात उघडणे या ज्या एका कामासाठी ब्रेकर बसवलेला असतो, ते काम तो करील की नाही हे कोणीच पाहिलेले नसते. शिवाय चुकीच्या क्रमाने केलेल्या देखभालीने चांगले चाललेले पॅनेल बिघडते. जादा आवळलेला बोल्ट, मेगरने (इन्शुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) जळालेला मीटर, चुकून बदललेले रिलीजचे (ब्रेकरला उघडण्याची आज्ञा देणाऱ्या भागाचे) सेटिंग आणि बसबारमागे (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमागे) राहिलेला पाना ही सगळी शटडाऊनचीच देणगी असते. म्हणून या लेखात भर आहे तो तयारीवर, क्रमावर आणि दोन टप्प्यांच्या मध्ये करायच्या तपासण्यांवर.

उदाहरणासाठी एमआयडीसीतील मध्यम कारखान्याचे नेहमीचे चित्र समोर ठेवले आहे. महावितरणचा ११ किंवा २२ केव्हीचा पुरवठा, ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ४३३ व्होल्टला सुमारे ८४० अँपिअर पूर्ण भार, १२५० अँपिअरचा ड्रॉ-आउट (बाहेर ओढता येणारा) एसीबी म्हणजे एअर सर्किट ब्रेकर, त्याखाली एमसीसीबी (साच्यात बंद असलेले लहान ब्रेकर) आणि स्विच-फ्यूज युनिटचे फीडर (भाराकडे जाणाऱ्या शाखा), शेजारी एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या कपॅसिटरचे) पॅनेल, डीजीचा (डिझेल जनरेटरचा) वेगळा इनकमर (पुरवठा आत घेणारा ब्रेकर) आणि अलीकडे छतावरचा सोलर. मोठ्या गृहसंकुलातील किंवा रुग्णालयातील पॅनेलला हाच क्रम लागू पडतो. हे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे. हा लेख वाचून कोणी एकट्याने पॅनेल उघडू नये.

टप्पा १: शटडाऊनच्या पंधरा दिवस आधी

निम्मी देखभाल वीज चालू असतानाच होते. कोणता जोड तापतो आहे हे वीज बंद केल्यावर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पॅनेल भारावर असताना थर्मोग्राफी (उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने छायाचित्रण) करून घ्यावी आणि तिचा अहवाल हातात घेऊनच शटडाऊनची यादी करावी. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी शटडाऊन आणि मग थर्मोग्राफी, तर सापडलेल्या दोषासाठी पुन्हा एकदा कारखाना बंद ठेवावा लागतो.

थर्मोग्राफीच्या वेळी फीडरवर त्याच्या क्षमतेच्या किमान ४० टक्के भार असावा आणि प्रत्येक छायाचित्रासोबत त्या क्षणाचे अँपिअर लिहून घ्यावेत. जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एखाद्या जोडाचा रोध ५० मायक्रोओहमने वाढला असेल, तर ४०० अँपिअरला तेथे ८ वॉट जास्तीची उष्णता होते आणि ८०० अँपिअरला ३२ वॉट. म्हणूनच सुट्टीच्या दिवशी हलक्या भारावर काढलेले ‘सर्व ठीक’चे छायाचित्र फसवे ठरते. एकाच भारावरच्या तीन फेजची आपसांत तुलना करावी. एका फेजच्या जोडाचे तापमान इतरांपेक्षा ४ ते १५ अंश सेल्सिअसने जास्त असेल, तर तो जोड शटडाऊनच्या यादीत घालावा. १५ अंशांच्या वर फरक गेला, तर वार्षिक शटडाऊनची वाट पाहू नये. उघड्या, चकचकीत तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे तापमान कॅमेरा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो, त्यामुळे वाचन जोडाशेजारच्या रंगवलेल्या, स्लीव्ह असलेल्या किंवा टेप लावलेल्या भागावर घ्यावे.

इशारा: थर्मोग्राफीसाठी चालू पॅनेलची दारे उघडणे हेच मुळात जोखमीचे काम आहे. आर्क फ्लॅशला (विजेच्या ठिणगीच्या स्फोटाला) योग्य असा पोशाख, चेहरा झाकणारे कवच आणि पायाखाली आयएस १५६५२ प्रमाणित रबरी मॅट असल्याशिवाय दार उघडू नये. मागचे कव्हर काढावे लागत असेल, तर तेही वीज बंद करून काढावे आणि मग चालू करून, अंतरावरून छायाचित्र घ्यावे.

या पंधरा दिवसांत आणखी तीन कामे उरकावीत. पहिले, सिंगल लाइन डायग्राम प्रत्यक्ष पॅनेलशी ताडून पाहावा. गेल्या वर्षभरात कोणी नवा फीडर काढला असेल, सोलर जोडला असेल किंवा कंट्रोल सप्लायचा मार्ग बदलला असेल, तर तो कागदावर नसतोच. दुसरे, प्रत्येक एसीबीच्या आणि एमसीसीबीच्या रिलीजच्या सेटिंगची स्पष्ट छायाचित्रे काढून ती तक्त्यात उतरवावीत. तिसरे, सामान आधी आणून ठेवावे: योग्य मापाचे ८.८ दर्जाचे बोल्ट, साधे आणि डिश (स्प्रिंगसारखे) वायसर, बायमेटॅलिक (तांबे-ॲल्युमिनियमचे) लग म्हणजे केबलच्या टोकाला बसवायचे जोड, उत्पादकाने सांगितलेले ग्रीस, एचआरसी फ्यूज, कॅलिब्रेट केलेला टॉर्क पाना, मेगर, मायक्रोओहम मीटर. पुण्याच्या भोसरी-चाकण पट्ट्यात गुरुवारच्या सुट्टीला सगळेच शटडाऊन घेतात, त्यामुळे इंजेक्शन किट (रिलीजला चाचणीचा प्रवाह देणारे उपकरण) आणि ते चालवणारा माणूस आधी ठरवला नाही, तर ऐन वेळी मिळत नाही.

टप्पा २: वीज तोडणे आणि ती खरोखर तुटली याची खात्री

सर्वांत घातक चूक येथे होते. फक्त मुख्य एसीबी बंद केला की पॅनेल ‘डेड’ झाले असे समजले जाते. प्रत्यक्षात एसीबीच्या ट्रान्सफॉर्मरकडच्या टर्मिनलवर पूर्ण ४३३ व्होल्ट उभे असतात आणि एसीबी बाहेर काढला, तरी क्रॅडलच्या (ब्रेकर ज्यात बसतो त्या चौकटीच्या) आतले ते संपर्क जिवंतच राहतात. इनकमर कप्प्यात हात घालायचा असेल, तर एचटी (उच्च दाबाची) बाजू बंद करण्याला पर्याय नाही.

क्रम असा ठेवावा. आधी यंत्रांचा भार उतरवावा, मग एपीएफसी ऑटोवरून मॅन्युअलला घेऊन कपॅसिटरचे सर्व टप्पे बंद करावेत, त्यानंतर फीडरचे एमसीसीबी एकेक करून बंद करावेत, मग मुख्य एसीबी आणि शेवटी एचटी ब्रेकर. एचटी ब्रेकर नुसता बंद न ठेवता त्याचे विलगीकरण करून तो अर्थ करावा (जमिनीशी जोडावा). महावितरणच्या हद्दीतील स्विच उघडायचा असेल, तर त्यांच्याच माणसाकडून, लेखी परवानगीने उघडावा.

त्यानंतर मागच्या दाराने येणारी वीज शोधावी. डीजीचा मोड ऑटोवर राहिला, तर मुख्य पुरवठा गेला असे समजून जनरेटर स्वतःहून सुरू होतो. म्हणून मोड ऑफला घेऊन बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि डीजी इनकमरला कुलूप लावावे. सोलरचा इन्व्हर्टर ग्रीड गेल्यावर बंद पडतो हे खरे, पण त्या भरवशावर हात घालू नये; सोलरचा एसी डिस्कनेक्टर उघडून कुलूपबंद करावा. यूपीएसचा परतीचा मार्ग पाहावा. आणि सर्वांत जास्त वेळा विसरले जाते ते म्हणजे पॅनेलच्या स्पेस हीटरचा आणि कंट्रोल सर्किटचा पुरवठा. तो अनेकदा वेगळ्याच लायटिंग डीबीतून (वितरण पेटीतून) किंवा यूपीएसमधून घेतलेला असतो. माझ्या पाहण्यातील एका पॅनेलमध्ये मुख्य बसबार पूर्ण मृत असताना हीटरच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट जिवंत होते, कारण ती तार शेजारच्या शेडमधून आली होती आणि ड्रॉइंगवर नव्हती.

प्रत्येक विलगीकरणाला कुलूप, प्रत्येक कुलपावर काम करणाऱ्याच्या नावाची पाटी आणि किल्ली त्याच माणसाच्या खिशात. ‘चालू करू नये’ असे लिहिलेला कागद चिकटवणे म्हणजे कुलूप नव्हे.

तपासणी: व्होल्टेज दर्शक उपकरण आधी चालू स्रोतावर तपासावे, मग पॅनेलवर फेज-फेज, फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ अशी सर्व वाचने घ्यावीत आणि शेवटी तेच उपकरण पुन्हा चालू स्रोतावर तपासावे. तिसरी पायरी वगळली, तर मधल्या वाचनांच्या वेळी उपकरणच बिघडले असण्याची शक्यता उरते. स्क्रू-ड्रायव्हर टेस्टरवर जीव सोपवू नये.

वीज नाही याची खात्री झाल्यावर बसबारला तात्पुरता अर्थ द्यावा. अर्थकडचे टोक आधी जोडावे, फेजकडचे नंतर, काढताना उलटे. कपॅसिटरला निदान पाच मिनिटे थांबून, व्होल्टेज मोजून, मगच प्रत्येक युनिटची टर्मिनले डिस्चार्ज रॉडने शॉर्ट करावीत. डिस्चार्ज रेझिस्टर तुटलेला असेल, तर कपॅसिटर तासाभरानेही झटका देतो.

टप्पा ३: पुसण्याआधी पाहणे

कव्हर उघडल्याबरोबर फडके हातात घेऊ नये. धूळ, डाग आणि रंगबदल हा पुरावा आहे आणि तो एकदा पुसला की गेला. आधी प्रत्येक कप्प्याची छायाचित्रे घ्यावीत आणि सावकाश पाहावे: इन्शुलेशनचा रंग कोठे तपकिरी झाला आहे, उष्णता-आकुंचन स्लीव्ह कोठे कडक होऊन फाटली आहे, बसबार सपोर्टवर झाडाच्या मुळांसारखी काळी रेघ उमटली आहे का, आर्क शूटमधून (ब्रेकर उघडताना होणारी ठिणगी विझवणाऱ्या कप्प्यातून) काजळी बाहेर आली आहे का. अशी काळी रेघ म्हणजे त्या पृष्ठभागावरून गळती प्रवाह वाहत होता. तो सपोर्ट पुसून परत वापरू नये, बदलावा.

धूळ कसली आहे यावरून पुढच्या सफाईचा प्रकार ठरतो. इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये कापसाची रुई पॅनेलच्या जाळ्या बुजवते. ती ज्वलनशील असते आणि थंड हवेचा मार्गही बंद करते. कोल्हापूर-शिरोलीकडच्या फाउंड्रीत बारीक लोहकण आणि कार्बन येतो, जो स्वतःच वीजवाहक आहे. तेथे वर्षातून एक शटडाऊन पुरत नाही. तळोजा, तारापूर, लोटे या रासायनिक पट्ट्यांत गंधकयुक्त वायूंनी चांदीचा मुलामा काळा पडतो आणि तांब्यावर थर चढतो. कोकण किनाऱ्यावर खारी दमट हवा गंज आणि पृष्ठभागावरची गळती दोन्ही वाढवते.

सर्व ठिकाणी सारखी आढळणारी गोष्ट म्हणजे पाल. ग्लँड प्लेटमधले (केबल जेथून आत येतात त्या पत्र्यातले) एक रिकामे भोक तिला पुरेसे असते आणि दोन फेजमध्ये तिचे शरीर आडवे आले की थेट बसबार फॉल्ट होतो. प्रत्येक न वापरलेले भोक प्लगने बंद आहे का, केबलभोवतीचे सीलिंग कंपाउंड निघाले आहे का, हे टॉर्च घेऊन खालून पाहावे. माझ्या मते ग्लँड प्लेट नीट बंद करण्याइतका स्वस्त आणि परिणामकारक उपाय देखभालीत दुसरा नाही आणि तरीही तो सर्वांत शेवटी, वेळ उरला तर केला जातो.

टप्पा ४: सफाई

ब्लोअर किंवा कॉम्प्रेसरची हवा वापरू नये. धूळ त्यामुळे जात नाही. ती रिलीजच्या आत, संपर्कांच्या फटीत आणि आर्क शूटमध्ये जाऊन बसते, आणि कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी व तेल असते ते वेगळेच. प्लास्टिकचे तोंड असलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने वरून खाली धूळ ओढून घ्यावी, चिकटलेली धूळ मऊ ब्रशने सुटी करावी आणि सपोर्ट कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावेत. तेलकट थरासाठी उत्पादकाने मान्य केलेलाच द्रव वापरावा. पेट्रोल आणि थिनर बसबार सपोर्टच्या व ब्रेकरच्या प्लास्टिकला बारीक तडे पाडतात आणि त्यांची वाफ बंद कप्प्यात साचून पेटू शकते.

टप्पा ५: बसबार आणि केबलचे जोड

सगळे बोल्ट आवळून टाकणे ही सर्वाधिक रुजलेली चुकीची सवय. जादा आवळल्याने बोल्ट ताणला जातो, मऊ ॲल्युमिनियमचा लग दबून पसरतो आणि गरम-थंड होण्याच्या काही चक्रांनंतर जोड पूर्वीपेक्षा सैल होतो. दरवर्षी ‘अजून अर्धा आटा’ देत गेलेला जोड म्हणूनच लवकर जळतो.

टॉर्क पाना उत्पादकाच्या तक्त्यातील आकड्यावर लावून तपासावे. ८.८ दर्जाच्या कोरड्या पोलादी बोल्टसाठी हा आकडा साधारणपणे एम १० ला ४० ते ५० न्यूटन-मीटर आणि एम १२ ला ७० ते ८५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. पण ब्रेकरच्या टर्मिनलचा आकडा पुष्कळदा याहून कमी असतो, आणि तेथे ब्रेकरवर छापलेला आकडाच अंतिम मानावा. ठरलेल्या टॉर्कला पाना खटकन वाजला आणि नट हलला नाही, तर जोड ठीक आहे. त्यावर बोल्ट आणि प्लेट दोन्हींवरून जाणारी रंगाची एक रेघ ओढावी, म्हणजे पुढच्या वेळी नट फिरला आहे का हे नुसते पाहून कळते.

थर्मोग्राफीत तापलेला जोड मात्र आवळून दुरुस्त होत नाही. तो पूर्ण उघडावा लागतो. असा जोड उघडला की लगच्या मधोमध, बोल्टच्या भोवती चकचकीत वर्तुळ दिसते आणि कडेला राखाडी किंवा काळा थर. म्हणजे संपर्क फक्त त्या वर्तुळापुरता उरलेला होता. ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग बारीक तारेच्या ब्रशने घासून त्यावर लगेच जोडाचे ग्रीस लावावे, कारण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर काही क्षणांतच परत बनतो. चांदी किंवा टिनचा मुलामा असलेला भाग घासू नये. तो कापडाने पुसावा. तापलेले बोल्ट आणि डिश वायसर यांची स्प्रिंग मेलेली असते, ते नवीनच घालावेत. तांब्याच्या बसबारवर ॲल्युमिनियमचा लग थेट बसवलेला आढळला, तर तो बायमेटॅलिक लगने बदलावा.

तपासणी: केबल ज्या फेजवरून काढली, त्याच फेजवर परत लावली का? उघडण्यापूर्वी टेपने खूण केली नसेल, तर फेज क्रम बदलतो आणि चालू केल्यावर कंप्रेसर किंवा पंप उलटा फिरतो.

टप्पा ६: एसीबी

एसीबीत वीज नसली, तरी ताणलेली स्प्रिंग असते आणि ती बोट तोडू शकते. चार्जिंग मोटरचा कंट्रोल सप्लाय आधी काढावा, नाहीतर स्प्रिंग सोडल्याबरोबर मोटर ती पुन्हा ताणते. मग ऑफ, ऑन, ऑफ अशा क्रमाने बटणे दाबून दोन्ही स्प्रिंगा सैल कराव्यात आणि ‘डिस्चार्ज्ड’ व ‘ओपन’ ही दोन्ही दर्शके डोळ्यांनी पाहावीत. त्यानंतरच ब्रेकर सर्व्हिसमधून टेस्ट आणि टेस्टमधून आयसोलेटेड स्थितीत आणून बाहेर काढावा.

आर्क शूट काढून आतल्या पट्ट्या पाहाव्यात. थोडी काजळी स्वाभाविक आहे. पट्ट्या वितळून धातूचे मणी चिकटले असतील किंवा शूटचे अंग तडकले असेल, तर शूट बदलावे. मुख्य संपर्कांची झीज उत्पादकाने दिलेल्या खुणेवरून पाहावी. संपर्कांवर कानस किंवा पॉलिश पेपर कधीही चालवू नये. काळा पडलेला चांदीचा मुलामा वाईट दिसतो, पण तो वीज वाहून नेतो. घासला की मुलामा जातो, एमरीचे कण रुततात आणि खरा त्रास त्यानंतर सुरू होतो.

क्रॅडलमधील जॉ (जबड्यासारख्या) संपर्कांच्या स्प्रिंगांचा दाब सर्व बोटांवर (संपर्काच्या पट्ट्यांवर) सारखा आहे का, हे पाहावे. एका फेजच्या बोटांवर निळसर छटा आली असेल, तर तेथे दाब कमी झालेला आहे. जुने, डिंकासारखे झालेले ग्रीस पूर्ण पुसून काढावे आणि उत्पादकाने सांगितलेले ग्रीस, सांगितलेल्या ठिकाणी, पातळ थराने लावावे. गंज सोडवणारा स्प्रे यंत्रणेवर मारण्याची पद्धत सर्रास आहे. त्याने ब्रेकर त्या दिवशी हलका चालतो, पण स्प्रे आतले मूळ ग्रीस धुऊन टाकतो, उरलेल्या थरावर धूळ बसते आणि वर्षभर न हललेली यंत्रणा ऐन फॉल्टच्या वेळी चिकटलेली राहते. यंत्रणा जड होण्याची ही वाट मला सर्वांत धोकादायक वाटते, कारण रिलीज बरोबर वेळेला आज्ञा देतो आणि ब्रेकर उशिरा उघडतो; मीटरवर याची काहीही चाहूल लागत नाही.

ब्रेकर टेस्ट स्थितीत ठेवून, कंट्रोल सप्लाय देऊन, प्रत्येक उपकरण वेगवेगळे चालवावे: मोटरने चार्ज, क्लोजिंग कॉइलने ऑन, शंट ट्रिपने (दुरून उघडणाऱ्या कॉइलने) ऑफ, अंडरव्होल्टेज कॉइलचा पुरवठा काढला की ऑफ. त्यासोबत ट्रान्सफॉर्मर आणि डीजी यांच्या इनकमरमधील इंटरलॉक प्रत्यक्ष चुकीचा क्रम वापरून पाहावा; एक इनकमर ऑन असताना दुसरा कोणत्याही मार्गाने ऑन होता कामा नये.

टप्पा ७: एमसीसीबी, स्विच-फ्यूज, काँटॅक्टर

एमसीसीबी सीलबंद असतो, तो उघडू नये. तीन-चार वेळा ऑन-ऑफ करावा आणि ट्रिपचे बटण दाबून तो खरोखर ट्रिप होतो हे पाहावे. वर्षानुवर्षे ऑन राहिलेल्या एमसीसीबीला हा एवढा व्यायामही मिळत नाही. स्विच-फ्यूजमध्ये एक फ्यूज उडाला असेल, तर तिन्ही बदलावेत, कारण उरलेल्या दोघांवरूनही तोच फॉल्टचा प्रवाह गेलेला असतो. काँटॅक्टरच्या संपर्कांना ग्रीस लावू नये. गुणगुणणाऱ्या काँटॅक्टरच्या चुंबकाचे पृष्ठभाग स्वच्छ पुसावेत. फुगलेला कपॅसिटर काढून टाकावा.

टप्पा ८: मोजमापे

मेगर लावण्यापूर्वी सर्ज प्रोटेक्शन उपकरणे, डिजिटल मीटर, एपीएफसी रिले, पीटीचे (व्होल्टेज मोजण्यासाठीच्या ट्रान्सफॉर्मरचे) फ्यूज आणि कपॅसिटर वेगळे करावेत. इलेक्ट्रॉनिक रिलीजबाबत उत्पादकाची सूचना वाचावी. तात्पुरता अर्थ फक्त मोजमापापुरता काढावा आणि काढल्याची नोंद करावी. आउटगोइंग केबल सुट्या केल्या नसतील, तर त्यांचे ब्रेकर उघडे ठेवावेत.

मुख्य बसबारसाठी १००० व्होल्ट, कंट्रोल सर्किटसाठी ५०० व्होल्ट वापरावेत आणि वाचन एका मिनिटानंतर घ्यावे. १ मेगओहमच्या खाली काहीही स्वीकारू नये. पण ती अगदी तळाची मर्यादा आहे, कोरड्या आणि स्वच्छ पॅनेलचे वाचन १०० मेगओहमच्या वर यायला हवे. एकट्या आकड्यापेक्षा गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलना महत्त्वाची, आणि म्हणून दरवेळी तापमान व हवेतील दमटपणा लिहून ठेवावा. पावसाळ्यात वाचन कमी आले, तर दारे लावून हीटर काही तास चालवावा आणि पुन्हा मोजावे.

वाचन शून्य आले की घाबरून सपोर्ट बदलायला निघण्याआधी एक गोष्ट पाहावी. ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी जोडलेली असेल, तर फेज-फेज वाचन शून्यच येणार आणि न्यूट्रल अर्थला बांधलेला असल्याने फेज-अर्थही शून्यच येणार. एसीबी बाहेर काढल्याने फेज सुटतात, पण तीन पोलच्या ब्रेकरमध्ये न्यूट्रल लिंक तशीच राहते. न्यूट्रल बसचे वाचन घेण्यासाठी ती उघडावी लागते. ही लिंक परत लावायची राहिली, तर चालू करताच एकफेजी भारांवर ४०० व्होल्टपर्यंत दाब जाऊ शकतो आणि कार्यालयातील सर्व उपकरणे जळतात. ज्याने लिंक उघडली त्याचे नाव फळ्यावर लिहावे आणि लावल्यावर त्यानेच ते खोडावे.

एसीबी ऑन (संपर्क मिटलेल्या) स्थितीत ठेवून प्रत्येक पोलचा संपर्क रोध १०० अँपिअर डीसीच्या मायक्रोओहम मीटरने मोजावा. सर्वांत कमी पोलपेक्षा एखादा पोल ५० टक्क्यांहून जास्त दाखवत असेल, तर कारण शोधल्याशिवाय ब्रेकर आत घालू नये.

शेवटी रिलीजची चाचणी. दुय्यम इंजेक्शन किटने ओव्हरलोड, शॉर्ट-सर्किट आणि अर्थ फॉल्ट या तिन्ही कार्यांच्या वेळा घेऊन त्या उत्पादकाच्या वेळ-प्रवाह वक्राशी ताडाव्यात. ही चाचणी रिलीज आणि यंत्रणा तपासते, सीटी (प्रवाह मोजण्यासाठीचा ट्रान्सफॉर्मर) तपासत नाही. त्यामुळे काही वर्षांतून एकदा प्राथमिक इंजेक्शन (मुख्य वाहकातूनच प्रवाह सोडून चाचणी) करून घ्यावे. चाचणीच्या सोयीसाठी सेटिंग बदलले जातात आणि तसेच राहतात. आपल्या उदाहरणात ओव्हरलोडचे सेटिंग ०.७ असेल, तर ते ८७५ अँपिअर होते आणि ८४० अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरला शोभते. तेच चुकून १.० वर राहिले, तर १२५० अँपिअरपर्यंत, म्हणजे जवळजवळ दीडपट भारावर, ब्रेकर गप्प बसतो. पहिल्या टप्प्यातील छायाचित्रे समोर धरून प्रत्येक डायल मिळवावा.

टप्पा ९: कव्हर लावणे आणि चार्ज करणे

हत्यारे मोजावीत. सकाळी किती आणली याची यादी नसेल, तर संध्याकाळच्या मोजणीला अर्थ नाही, म्हणून यादी पहिल्या टप्प्यातच करावी. प्रत्येक कप्प्यात टॉर्चने पाहून मगच कव्हर लावावे. सीटीच्या शॉर्टिंग लिंक मूळ स्थितीत आहेत का, न्यूट्रल लिंक लागली का, पीटीचे फ्यूज परत बसवले का आणि सर्व तात्पुरते अर्थ निघाले का, या चार गोष्टी दोन माणसांनी स्वतंत्रपणे तपासून सही करावी. अर्थ आणले तेवढे परत मोजावेत.

चार्ज करताना सर्व फीडर आणि कपॅसिटर बंद, डीजी अजून कुलूपबंद. एचटी चालू करून ट्रान्सफॉर्मर चार्ज करावा, एसीबीच्या वरच्या बाजूचे तिन्ही व्होल्टेज व न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मीटरवर पाहावे, मग दार बंद ठेवून, शक्यतो दूरच्या बटणाने आणि पॅनेलच्या समोर उभे न राहता एसीबी ऑन करावा. त्यानंतर एकेक फीडर. केबल काढलेल्या फीडरवर मोटरची दिशा क्षणभर चालवून पाहावी. कपॅसिटर सर्वांत शेवटी.

भार पूर्ण आल्यावर काही तासांनी, पहिल्या थर्मोग्राफीतील त्याच जोडांची पुन्हा छायाचित्रे घ्यावीत. दुरुस्त केलेला जोड थंड झाला नसेल, तर काम झालेले नाही, मग बिलावर काहीही लिहिलेले असो.

फॉल्टवर ट्रिप झाल्यास

दोन शटडाऊनच्या मध्ये ब्रेकर फॉल्टवर ट्रिप झाला, तर रीसेट करून लगेच लाइन घेऊ नये. रिलीजवरील दर्शकावरून ओव्हरलोड, शॉर्ट-सर्किट की अर्थ फॉल्ट हे लिहून घ्यावे, फीडरची केबल व भार मेगरने तपासावा आणि मगच ब्रेकर हाताळावा. शॉर्ट-सर्किट मोठा होता असे दिसले, तर एसीबीचे आर्क शूट व संपर्क सहाव्या टप्प्याप्रमाणे पाहावेत. एमसीसीबीच्या बाबतीत आतले पाहता येत नाही. त्याची अंतिम छेदनक्षमता एकदा वापरली गेली असेल, तर त्यानंतर तो नेहमीचा प्रवाह वाहून नेईल याची हमी मानकही देत नाही. इन्शुलेशनचे वाचन घसरले असेल, अंगावर काजळी किंवा तडा असेल किंवा हँडल जड लागत असेल, तर तो बदलावा आणि जुना ‘स्पेअर’ म्हणून कपाटात ठेवू नये.